रेघकाकांची न मारलेली रेघ

रेघकाका कुठलाही कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचत, मग खाली उरलेल्या कोऱ्या जागेवर तिरपी रेघ मारत आणि त्यानंतरच सही करत. रेघसुद्धा फूटपट्टी लावून. मग तो रेशनकार्डाचा फॉर्म असो नाहीतर शाळेच्या सहलीचं परवानगीपत्र. "कोरी जागा ठेवली की तिथे कोणीही येऊन काहीही लिहितं," असं ते म्हणायचे. बरखेड्यातल्या कारखान्याच्या कॉलनीत, आमच्या क्वार्टरच्या ओळीत त्यांचं खरं आडनाव फार थोड्यांना ठाऊक होतं.

कारखान्यात ते आलेला माल तपासायच्या खात्यात होते, तिथली ही सवय. घरी आलेली लग्नपत्रिकासुद्धा छापखान्याच्या नावापर्यंत वाचायचे. आई म्हणायची, यम न्यायला आला तर हा माणूस आधी त्याचा कागद मागेल. पण साक्षीदार म्हणून सही लागली की सगळी कॉलनी त्यांच्याच दारात. टी. टी. नगरच्या सरकारी ऑफिसात मला पहिली नोकरी लागली तेव्हा पोलीस व्हेरिफिकेशनचा फॉर्म घेऊन मीही गेले. मला पाळण्यापासून बघितलेला हा माणूस, पण चष्मा पुसून विचारतो काय, "तू या क्वार्टरमध्ये लहानपणापासून राहतेस, हे खरं ना?" मी हसू दाबत हो म्हटलं. दोन्ही प्रतींवर त्यांनी रेघा मारल्या, सह्या केल्या आणि एक प्रत जपून ठेवायला सांगितली.

संध्याकाळी ड्यूटी सुटली की काका मार्केटमध्ये रशीदभाईंच्या घड्याळाच्या दुकानात जाऊन बसत. रशीदभाई डोळ्याला भिंग लावून काम करत, काका स्टुलावर बसून पेपर वाचत. बोलणं फारसं नसायचंच. तासाभरानं रशीदभाई "चलें, काका?" म्हणून शटर ओढत आणि दोघं आपापल्या वाटेनं जात. अशी त्यांची वीस वर्षांची दोस्ती.

मला नोकरी लागली त्याच वर्षी शहरात कुठेतरी बॉम्ब असावा असा बेवारस डबा सापडला आणि सगळ्यांच्या जिवाला घोर लागला. टाडाचे, अतिरेक्यांविरुद्धच्या त्या कडक कायद्याचे दिवस होते ते. त्या कायद्यात आत गेलेल्याला जामीन मिळणं महाकठीण, एवढं आम्हाला पक्कं समजलं होतं. लोक हा शब्दसुद्धा खिडकी लावून बोलायचे. एक दिवस संध्याकाळी पोलीस रशीदभाईंच्या दुकानात शिरले. झडतीला पंच म्हणून वस्तीतली दोन माणसं लागतात. काका स्टुलावर आयतेच बसलेले. दुसरा पंच पोलीस आपल्या बरोबरच घेऊन आले होते.

काकांनी पंचनामा नेहमीसारखा वाचला. गजराची घड्याळं, तारांची भेंडोळी, बॅटरीचे सेल. सगळं समोर होतं, सगळं मोजून बरोबर. यादी कागदाच्या मध्यावर संपली होती आणि इन्स्पेक्टरनं सहीसाठी बोट ठेवलं ते पार तळाशी. काकांनी खिशातून फूटपट्टी काढली. इन्स्पेक्टर शांतपणे म्हणाला, "अंकल, आप तो यहाँ रोज़ बैठते हैं ना? आपका नाम भी लिख लें?"

काकांनी फूटपट्टी खिशात ठेवली आणि सही केली.

घरी जायच्या आधी ते आमच्याकडे आले. पाणी मागितलं. बाबांना एवढंच म्हणाले, "आज रेघ राहिली." मला वेडीला हसूच आलं. एका रेघेचं ते काय!

रशीदभाईंना पोलिसांनी त्याच दिवशी धरून नेलं होतं. त्यांच्या खटल्याचे कागद आले तेव्हा कळलं काय ते. सेलच्या खाली, काकांच्या सहीच्या वर, त्याच शाईत आणखी दोन ओळी होत्या: स्फोटकांच्या नळ्या आणि पूड. दुकानात यातलं काहीही नव्हतं, काका आईची शपथ घेऊन सांगत. पण सही त्यांचीच. ज्यांची घड्याळं दुकानात दुरुस्तीला होती, ती माणसं घड्याळ आपलं आहे हे सांगायलाही पुढे आली नाहीत. आमचंही एक होतं. गजराचं. बाबांनी गुपचूप नवं आणलं.

रशीदभाईंच्या वकिलानं काकांना सांगितलं, कोर्टात खरं बोललात तर तुम्हाला फितूर म्हणतील, उलट तुमच्यावरच खटला भरायची धमकी देतील. आणि नुसतं 'मी नेहमी रेघ मारतो' म्हणून भागणार नाही, तुम्ही रेघ मारलेले जुने कागद दाखवावे लागतील. म्हणजे रशीदभाई सुटणार की जन्मभर आत राहणार, हे काकांच्या रेघांवर येऊन ठेपलं. काकांच्या नोकरीची दोन वर्षं राहिली होती. कापडी पिशवी घेऊन ते दारोदार निघाले. ज्यांच्या घरातल्या प्रत्येक कागदावर काकांची सही, त्या घरांत कागद सापडेनासे झाले. कोणाचे वाळवीनं खाल्ले, कोणाचे बदलीत हरवले.

ते आमच्या दाराशी आले तेव्हा घरात मी एकटीच होते. माझं व्हेरिफिकेशन अजून व्हायचं होतं. त्या फॉर्मवर मला ओळखणारा प्रतिष्ठित माणूस म्हणून काकांचंच नाव होतं. त्यात माझा कागद टाडाच्या कोर्टात गेला तर? फॉर्म आतल्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली होता. मला तो डोळे मिटून काढता आला असता.

"सापडत नाहीये, काका," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "असू दे. घाबरू नकोस," म्हणाले, आणि जिना उतरले. माझी लाज वाटत होती मला, पण खरं सांगते, त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं.

शेवटी दोनच कागद मिळाले, एका चपराशाच्या क्वार्टरचा अर्ज आणि एका विधवा मास्तरणीचा पेन्शनचा फॉर्म. कोर्टात बाबा सोबत गेले होते. ते सांगत, काका कठड्याला धरून उभे होते. सरकारी वकिलानं विचारलं, मित्राला वाचवायला खोटं बोलता ना? काका म्हणाले, "नाही साहेब. खोटं त्या दिवशी झालं, भीतीनं. आजही भीती वाटतेच आहे." मग फूटपट्टी काढून त्यांनी ते दोन कागद आणि पंचनामा शेजारी शेजारी ठेवले.

असा माणूस कोरी जागा सोडतो ती धाकानंच आणि त्या दोन ओळी मागाहून घुसडलेल्या, हे न्यायाधीशांनी मानलं. रशीदभाई सुटले, पण तोवर तीन वर्षं आत गेली होती, आणि बोटं एवढी कापू लागली होती की चिमट्यात घड्याळाचा स्क्रू धरवत नसे. दुकान पुन्हा उघडलं नाही. काका संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन बसत, पेपर मोठ्यानं वाचून दाखवत. खटल्यात नाव आल्यामुळे रिटायर होईपर्यंत त्यांना माल तपासायच्या कामावर घेतलं नाही, एका कोपऱ्यातल्या टेबलावर बसवून ठेवलं. माझं व्हेरिफिकेशन मात्र बिनबोभाट झालं. ज्यासाठी एवढी घाबरले, ते घडलंच नाही.

काका नागपूरला मुलाकडे जायला निघाले त्या दिवशी ट्रकमध्ये सामान चढत होतं. मी तो फॉर्म घेऊन गेले आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा पुसला आणि तिथेच उभं राहून तो अथपासून इतिपर्यंत वाचला. रेघेवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी घडी घालून कागद परत दिला.

"तुझ्या कागदात कोणी काही घुसडू नये म्हणून मारली होती. तेवढं काम झालं ना तिचं? मग बास," ते म्हणाले. "मीसुद्धा घाबरलोच होतो गं."

मी रडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि ट्रकवाल्याच्या पावतीवर सही करायला गेले. ती वाचायला त्यांना दहा मिनिटं लागली. ट्रकवाला वैतागून गेला होता.

तो फॉर्म अजून माझ्याकडे आहे. आज कोणी दाराशी येऊन मागितला तर मी देईन, असं मला वाटतं. खात्रीनं नाही सांगता येत.