खिळे पाटलात, खुरपं मास्तरात

डबेमामीच्या अंगणात पाटील, मास्तर, पोस्टमन आणि हाजीशेठ कडुनिंबाच्या आडव्या फांदीला ओळीनं टांगलेले असायचे. बीबी गावातला माझा तो पहिलाच दिवस. मामींनी आतून मुलाला विचारलं, "नामदेवा, खिळे कुठी हायत रे?" आणि अंगणातून उत्तर आलं, "पाटलात हायत, माय." मी वाईकडची, शिक्षण पुण्यात झालेलं, वय वर्षं बावीस, गावात नर्स म्हणून नुकतीच आलेली. खिळे पाटलात गेले असतील तर आधी मलाच धावायला हवं, असं क्षणभर वाटून गेलं.

पाटील म्हणजे चहाचा रिकामा डबा होता. पाटलांच्या घरून आला म्हणून तो पाटील. मास्तरांनी दिलेला रॉकेलचा मोठा डबा मास्तर झाला होता. त्याची एक बाजू कापून वर बाभळीची मूठ बसवली होती, आणि त्यात खुरपी, विळे घेऊन मामी रोज भाजीच्या मळ्यात जायच्या. दाभण, सुया, सुतळी हाजीशेठच्या बिस्किटांच्या चौकोनी डब्यात. बियाणं पोस्टमनात. शेजारचं लहान पोरसुद्धा "कात्री कुठाय" म्हटलं की माणसाचं नाव सांगायचं. मला ही भाषा अंगवळणी पडायला महिना लागला, आणि पडली तेव्हा मीही विचारायला लागले, "मामी, सुतळी हाजीतच ना?"

माझी त्यांची गाठ पडली ती मात्र रडण्यानं. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, गावोगाव नर्स नेमायचं चाललं होतं, आणि मी सरकारी सामानाची अख्खी पेटी घेऊन मेहकरहून बसनं निघाले होते. पेटी टपावर होती. रस्ता असा की पोटातलं सगळं ढवळून निघालं. बीबी आल्यावर मी तोंडाला पदर लावून खाली उतरले, बस धूळ उडवत गेली, आणि मग मला पेटी आठवली. चूक कोणाची नव्हती, फक्त माझी. पुढे ती पेटी काही सापडली नाही. कात्री, दोन चिमटे आणि दोरा तेवढा हातातल्या पिशवीत होता म्हणून वाचला. माझी भाड्याची खोली मामींच्या घरात ठरली होती; त्यांच्या ओट्यावर बसून मी ढसाढसा रडले. दुसरी एखादी खोली भाड्यानं देणारी बाई भाडेकरणीला अशी पाहून दाराला कडी लावते. मामींनी पिशवीत डोकावून पाहिलं.

"हत्यारं हायत ना तुमची? मंग रडता काऊन? त्याइले राहाले घर पाह्यजे, येवढंच."

घर म्हणजे डबा. मामींच्या लेखी प्रत्येक हत्याराला घर हवं, आणि घर नसलेलं हत्यार गंजतं, हरवतं नाहीतर कोणाच्या तरी पायात जातं. बाजारच्या दिवशी भाजी विकून झाली की रिकामी पाटी डोक्यावर घेऊन त्या ओळखीच्या घरांवरून यायच्या. "काही सुटलं का वं तुह्याकडं?" असं विचारायच्या. मी एकदा म्हटलं, "रिकामा डबा आहे का, असं सरळ विचारा ना." तर म्हणाल्या, "डबा रिकामा नसते, बाई. एका कामावरून सुटलेला असते."

आणलेला डबा आधी चिंचेच्या कोळानं आणि राखेनं घासायचा, दोन दिवस उन्हात उपडा ठेवायचा, कापलेली कड हातोडीनं आत मुडपायची. मग पाणी भरून, झाकण लावून तो डबा उलटा धरायचा. खाली थेंब पडला तर त्यात खिळे, नाही पडला तर बियाणं. आत आधी काय होतं हे विचारल्याशिवाय त्या कोणाचाही डबा घेत नसत. फवारणीच्या औषधाचा डबा कोणी देऊ केला तर घ्यायच्या, पण त्याला भोकं पाडून बांधाखाली खोल पुरून टाकायच्या. "नाव लावलं म्हंजे डबा कोनाचा हे मालूम राह्यते, अन् कोनाचा हे मालूम असलं म्हंजे आत काय होतं हेही मालूम राह्यते." डब्यांना माणसांची नावं देण्यात एवढा विचार होता हे मला उशिरा कळलं. तोवर मी ती त्यांची गंमत समजत होते.

गंमतही व्हायचीच. एकदा अवकाळी पाऊस येऊन गेला आणि मामी अंगणातून ओरडल्या, "नामदेवा, पाटलात पानी गेलं पाह्य. उपडा कर अन् चांगला बदड खालून." नेमके खरे पाटील दारात उभे. पांढरंशुभ्र धोतर, हातात काठी. मी तर जागच्या जागी थिजले. मामींनी डोक्यावरचा पदर नुसता थोडा पुढे ओढला आणि म्हणाल्या, "या पाटील. तुमच्यातले खिळे गंजू नाही म्हनून सांगून राह्यली." पाटील हसले की चिडले ते मिशांमुळे कळलं नाही, पण पुढच्या बाजारी त्यांच्या घरून चहाचा आणखी एक डबा आला. तो धाकटा पाटील.

ओळीच्या टोकाला एक डबा होता, त्याला नाव नव्हतं. वनस्पती तुपाचा मोठा गोल डबा. त्यात पक्कड, पाने, पेचकस आणि एक जुनी हातोडी असायची. मामींचे यजमान विहिरींवरच्या इंजिनांची दुरुस्ती करायचे, ती त्यांची हत्यारं. ते जाऊन तीन वर्षं झाली होती. डबा त्यांनीच बाजारातून आणलेला, म्हणजे रिवाजानं त्याला त्यांचं नाव पडायचं. पण धन्याचं नाव बाईमाणूस घेणार कसं? त्यामुळे पक्कड हवी असली की मामी हनुवटीनं तिकडे दाखवायच्या, किंवा "त्या तिथच्यात" म्हणायच्या. नामदेव पाठमोरा असला तर त्याला ते कळायचं नाही, तो पाटलात शोधायचा, आणि मामी स्वतः उठून जायच्या.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात नामदेवची बायको कमल हिला सातवा महिना लागला. घरात आनंद दिसेना. कमल कोपऱ्यात बसून असायची, मामी तिच्याशी गरजेपुरतं बोलायच्या. एक दिवस भेंडी निवडता निवडता मामींनी मला विचारलं, "तुमची सरकारी पेटी कवा येईन?"

मी म्हटलं, दोन अर्ज केलेत, उत्तर नाही.

मग खाली बघूनच त्या बोलल्या. "पह्यलं लेकरू झालं होतं कमलले. मुलगा. नाळ म्याच कापली, बाई. माह्याच इळ्यानं. तोच इळा, मळ्यातला, मास्तरातला. धुतला होता चांगला. आठव्या दिवशी लेकरू आखडलं, दूध घे ना, अन् गेलं. लोक म्हने नजर लागली. मले माह्या इळ्याकडं पाहावत नाही तवापासून."

नजर नव्हती, धनुर्वात होता. मातीतल्या विळ्यानं नाळ कापली की तो होतो, आणि धुऊन जात नाही. हे मी पुस्तकात शिकले होते. आता ते त्यांना सांगायचं म्हणजे त्यांच्या मनात जे सलत होतं त्यावर शिक्का मारायचा. मी खोटं बोलू शकले नाही. सांगितलं. त्यांनी भेंडी निवडणं थांबवलं नाही.

निवडलेली भेंडी बाजूला सारून म्हणाल्या, "मंग काय काय लागते ते सांगा."

मी सांगितलं. हत्यारं उकळायला भांडं आहे, ते जमेल. पण बाळंतिणीला आणि नाळेला लागणारे कपडे, कापूस हे वाफेवर शुद्ध करायला एक गोल डबा असतो, त्याला भोकं असतात, आणि भोकांवरून फिरणारी पट्टी. वाफ आत जाताना भोकं उघडी ठेवायची, झालं की पट्टी फिरवून बंद करायची, मग आतल्या कपड्याला बाहेरची हवा लागत नाही. तो पेटीबरोबर गेला.

"पट्टी फिरते म्हन्ता?" मामींनी ओळीकडे पाहिलं. हाजीशेठ चौकोनी होता, त्यावर पट्टी काय फिरणार. पाटील लहान, पोस्टमनचं झाकण सैल. त्या उठल्या, टोकाचा गोल डबा काढला, धन्याची हत्यारं एकेक बाहेर घेतली आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधली. मी नको नको म्हणत होते. त्या म्हणाल्या, "हत्यारं चार दिवस फडक्यात राहतीन. ते काही बोलाचे नाही."

तीन दिवस मामींची ठोकठोक चालली. पहिली पट्टी ढिली झाली, घसरून खाली यायची. दुसरी इतकी घट्ट की फिरेना. तिसरी बसली. धन्याच्याच हातोडीनं, खिळ्यानं सारख्या अंतरावर भोकं पाडलेली, पट्टीला तारेची आकडी. आम्ही दुसऱ्या एका रॉकेलच्या डब्यात विटा ठेवल्या, पाणी घातलं, त्यावर हा डबा, आणि चुलीवर तासभर वाफ दिली. पुण्याच्या इस्पितळात मी असे डबे शेकड्यांनी हाताळले होते. एवढ्या काळजीनं एकही नाही.

कमलला कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. शेजारची म्हातारी, गावातल्या निम्म्या बाळंतपणांची मानकरी, न बोलावता येऊन बसली होती. माझं ते एकटीनं केलेलं पहिलंच बाळंतपण. मी डब्याची पट्टी तिसऱ्यांदा चाचपून पाहिली. मुलगी झाली, रडली, आणि सवयीनं म्हातारीनं हात लांब करून विळा पुढे केला. मामींनी तिचं मनगट धरलं. आवाज चढवला नाही.

"इळा मास्तरात ठेव, काकू. बाईतली कात्री पाह्यजे."

बाईतली. गाव मला बाई म्हणायचं, आणि त्या बिननावाच्या डब्याला ते नाव आत्ताच पडलं होतं. मी झाकण उघडलं, वाफेतला कपडा काढला, आत उकळून ठेवलेली कात्री घेतली. नाळ कापली. नंतर कळलं, मामी माझ्या पाठीला गुडघा टेकवून बसल्या होत्या.

पुढचे आठ दिवस आमच्या दोघींचा जीव टांगणीला लागला. मी रोज दोनदा नाळ बघायची, मामी पोरीच्या तोंडाकडे बघायच्या. आठवा दिवस सरला. नवव्या दिवशी सकाळी पोरगी आईला चिकटून चुटूचुटू दूध ओढत होती आणि मामी चुलीपाशी तोंडात पदर धरून रडत होत्या. मला म्हणाल्या, "बस पोरी. चहा घे तू." तोवर मी "तुमी" होते. त्या दिवशी "तू" झाले. मला आयुष्यात याहून मोठी बढती मिळाली नाही.

नवी सरकारी पेटी चार महिन्यांनी आली, तिच्यात चकचकीत डबा होता. मी मामींचा डबा घासूनपुसून परत दिला. पुढच्याच वर्षी माझी बदली झाली. निघताना त्यांनी हाजीशेठकडचा बिस्किटांचा एक कोरा डबा हातात दिला आणि आत आधी काय होतं ते नीट सांगितलं. पुढे तीस वर्षं मी ज्या ज्या नव्या मुलीला शिकवलं, तिला आधी रिकाम्या डब्यापासून शिकवलं. वरिष्ठ हसायचे. हसोत. ज्या गावात पेटी पोचली नाही तिथे त्या मुलींचं काम अडलं नाही, आणि ते ऋण डबेमामीचं आहे, हे मी प्रत्येकीला सांगितलं.

कमलच्या त्या मुलीच्या, मंगलच्या लग्नाला मी बीबीला गेले तेव्हा मामींना जाऊन दोन वर्षं झाली होती. अंगणात मांडव घालणं चाललं होतं. नामदेव बांबूवर चढून तार आवळत होता. वरूनच ओरडला, "पक्कड कुठी हाय वं?"

आतून कमल म्हणाली, "बाईत पाह्य."

हळद लागायची होती ती नवरी स्वतःच उठली आणि कडुनिंबाखालून गोल डबा घेऊन आली. पक्कड बापाला दिली. मी डबा मांडीवर घेतला. आत पाने, पेचकस, तीच हातोडी. पट्टी गंजली होती, पण जोर लावल्यावर फिरली.

कमल पदराला हात पुसत शेजारी येऊन बसली. "आत्याबाईले मामंजीचं नाव घेता ये ना," ती म्हणाली. "पक्कड मागाची तं नुसती हनुवटी हालवत. तुमी डबा वापस केला अन् त्याइनं हत्यारं पुन्हा त्याच्यातच ठेवली. मंग म्हने, बरं झालं, आता याले हाक मारता येते."

म्हणजे मी कुठल्या कुठल्या गावी बदल्या घेत हिंडत होते, तेव्हा बीबीच्या त्या अंगणात डबेमामी रोज माझं नाव घेत होत्या, आणि त्यात त्यांना त्यांच्या धन्याची पक्कड सापडत होती.