बंद केलेल्या तक्रारी

आमच्या संस्थेने तक्रारी नोंदवायचं सॉफ्टवेअर बदललं त्याला आता वर्ष होत आलं. संस्था म्हणजे शिक्षणसंस्था. बुलढाण्यात महाविद्यालय आणि मुख्य कार्यालय, मोताळा आणि मेहकर तालुक्यांतल्या गावांमध्ये शाळा. मी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. माझा मोठा भाऊ, माझा दादा, संस्थेचा संगणक विभाग सांभाळायचा. विभाग म्हणजे जिन्याखालची एक खोली आणि दादा. तो गेल्यावर सहा महिन्यांच्या आत त्याचं सॉफ्टवेअरही गेलं. दोन्ही वेळा परिपत्रक निघालं. दुसरं जास्त लांब होतं.

ते सॉफ्टवेअर त्याने बारा वर्षांपूर्वी कुठूनसं फुकटातलं उतरवून घेतलं होतं आणि त्यावरचे शब्द हळूहळू मराठीत करून टाकले होते. एखाद्या शाळेतला प्रिंटर अडला, नेट गेलं, कोणी पासवर्ड विसरलं, की त्याची नोंद व्हायची, नोंदीला नंबर मिळायचा. काम झालं की नोंद बंद करायची आणि खाली काय केलं ते लिहायचं. नियमाप्रमाणे ज्याची तक्रार त्यानेच नोंदवायची. आमच्याकडे हा नियम बारा वर्षांत कोणी एकदाही पाळला नाही. सगळे दादाला फोन करायचे. बसस्टँडवर भेटले तर तिथे सांगायचे, लग्नात भेटले तर पंगतीत. तो ऐकून घ्यायचा आणि खोलीत येऊन नोंद स्वतः करायचा, समोरचा जे बोलला त्याच शब्दांत. खाली स्वतःचं लिहायचा. एक मला पाठ आहे: ‘मुख्याध्यापक म्हणतात, माउस उलट्या दिशेनं जाऊन राह्यला. मुख्याध्यापक माउस उलटा धरतात. तसे सांगणे बरे दिसले नाही. नवा माउस देऊन, देताना सुलटा धरून दाखवला. तक्रार बंद.’

संस्था असलं सॉफ्टवेअर का टिकवतात आणि का बदलतात, यावर मोठमोठे अहवाल निघत असतील. मी जे पाहिलं ते सांगते. बारा वर्षं ते टिकलं, कारण ते आहे हे अध्यक्षांना माहीतच नव्हतं. बदललं, कारण अध्यक्ष चिखलीला एका दुसऱ्या संस्थेत चहाला गेले. तिथे कार्यालयात भिंतीवर टीव्ही होता आणि त्यावर रंगीत गोल होते. किती तक्रारी आल्या, किती सुटल्या, असे. परत आल्यावर त्यांनी सभा बोलावली आणि विचारलं, “त्याह्यच्याकडं गोल हायेत. आपल्याकडं काऊन नाहीत?” एवढ्या मोठ्या निर्णयामागे एवढंच कारण होतं. नंतर इतिवृत्तात ते मी ‘कालानुरूप गरज’ असं लिहिलं. इतिवृत्त लिहायला म्हणून मला समितीवर घेतलं होतं, माझं अक्षर चांगलं आहे.

समितीचे प्रमुख क्रीडाशिक्षक. संगणकाचा आणि त्यांचा संबंध स्पर्धेची प्रमाणपत्रं छापण्यापुरता, पण अध्यक्षांच्या मागे उभं राहण्याचा सराव त्यांना मोठा. पुण्याहून एका कंपनीचे एक गृहस्थ आले. गळ्यात ओळखपत्र, बोलणं अर्धं इंग्रजी. त्यांनी दादाचं सॉफ्टवेअर उघडलं आणि पाच मिनिटांत निदान केलं. बारा वर्षांतल्या सगळ्या तक्रारी एकाच माणसाच्या नावाने नोंदवलेल्या आहेत, म्हणजे इतर कोणी ही प्रणाली वापरतच नाही. समितीला हे फार पटलं. मी म्हणाले की सगळ्या संस्थेने वापरली, फोनवरून. नोंद फक्त दादा करायचा. क्रीडाशिक्षकांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं.

“म्हंजे मॅडम, वापरत तं कोनीच नव्हतं ना?”

पुण्याच्या गृहस्थांनी दोनचार नोंदी मोठ्याने वाचल्या. ‘होऊन राह्यलं’, ‘पाह्यजे’ अशा ठिकाणी ते थोडे थांबत आणि हसत. या भाषेचं वर्गीकरण करता येत नाही, असं ते म्हणाले. सभेतले सगळे घरी तसंच बोलतात. तेही हसले. मी हसले नाही, पण काही बोललेही नाही, आणि ठराव माझ्याच अक्षरात लिहिला गेला. हे दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही.

मला एकच गोष्ट हवी होती. दादाच्या नोंदी राहाव्यात. त्याने डायरी लिहिली नाही, पत्रं लिहिली नाहीत, फोटोत तो कायम कडेला. बारा वर्षं त्याने जे काही लिहिलं ते त्या नोंदींच्या खाली. मी विचारलं, जुन्या नोंदींचं काय. गृहस्थ म्हणाले, चालू तक्रारी नव्या प्रणालीत येतील, बंद झालेल्या येणार नाहीत. ते वेगळं काम आहे आणि करारात नाही. दादाच्या जवळजवळ सगळ्याच तक्रारी बंद झालेल्या होत्या. काम करणाऱ्या माणसाच्या तशाच असतात. अध्यक्ष म्हणाले, “झालेल्या कामाचं काय करता बाई? झालं ते झालं.” क्रीडाशिक्षकांनी सभेनंतर जवळ येऊन, त्यांच्या मते मायेने, सांगितलं की मॅडम, त्याच्यातच राहू नका, तुमच्या तब्येतीले बरं नाही.

मुहूर्त दसऱ्याचा ठरला. आमच्याकडे दसऱ्याला यंत्रांची पूजा होते, म्हणून संगणकालाही हळदकुंकू आणि झेंडूची माळ. अध्यक्षांची इच्छा होती की पूजेच्या वेळी आमच्या कार्यालयात लावलेल्या नव्या टीव्हीवर शून्य दिसावं. पाटी कोरी असावी, म्हणून. त्यामुळे ज्या थोड्या तक्रारी खरोखर चालू होत्या, ज्या नव्या प्रणालीत जाणार होत्या, त्याही क्रीडाशिक्षकांनी एका दुपारी बंद करून टाकल्या. रोहिणखेडच्या शाळेतलं नेट दुपारनंतर जात होतं, ते जातच राहिलं, पण तक्रार सुटली. हे करण्यात काही खोटं आहे असं कोणालाही वाटलं नाही. घर झाडून काढल्याइतकं साधं काम होतं ते.

जुनं मशीन बंद होईपर्यंत मला तीन आठवडे मिळाले. माझ्या लॉगिनने एकेक नोंद उघडता येत होती, सगळी यादी एकदम उतरवून घेता येत नव्हती. ती परवानगी दादाच्या नावावर होती, आणि ते नाव तो गेला त्याच आठवड्यात बंद केलं होतं. संस्थेने वेळेवर केलेलं ते एकच काम मला आठवतं. तरी एकेक नोंद संगणकावरच उचलून दुसरीकडे ठेवता आली असती. मी तसं केलं नाही. मी एक वही घेतली आणि ग्रंथालयात दुपारच्या सुट्टीत पेनाने उतरवू लागले. एका दिवसात चार, फार तर पाच. एखादं वाक्य उतरवून झालं की मी खिडकीबाहेर बघत बसे. त्या वेळी हे मला योग्य वाटत होतं.

नोंदी हजारोंनी होत्या, म्हणून निवडणं भाग होतं. ज्यांत तो बोलताना ऐकू येत होता त्या मी घेतल्या. मेहकरकडच्या शाळेतला प्रिंटर, जो ‘पावसाळी कागद खात नाही, त्याच्या आवडीचा विचार करून कागद कपाटात बल्बजवळ ठेवला’. महाविद्यालयातल्या कोणाचा पासवर्ड, जो ‘बायकोचं नाव असल्याने भांडणाच्या दिवशी आठवत नाही’. ज्या नोंदींत नुसते आकडे, वायरींचे रंग आणि कोणता खटका आधी दाबायचा एवढंच होतं, त्या मी ओलांडून गेले. दसऱ्याच्या सकाळी खोलीतलं ते जुनं मशीन बंद करून भंगारात दिलं गेलं तेव्हा वहीची अर्धी पानं भरली होती.

पूजा छान झाली. टीव्हीवर शून्य होतं. दुसऱ्या दिवशीही शून्य, दिवाळीतही शून्य. कारण नव्या प्रणालीतही तक्रार ज्याची त्यानेच नोंदवायची होती, आणि आता फोन घ्यायला कोणी नव्हतं. अध्यक्ष पाहुण्यांना टीव्हीसमोर नेऊन उभं करत. म्हणत, बदलल्यापासून एक तक्रार नाही. पाहुणे मान हलवत. त्यातल्या एकाने आपल्याही संस्थेत हेच घ्यायचं ठरवलं, असं नंतर कळलं. अशी ती सॉफ्टवेअरं गावोगाव जातात.

डिसेंबरात मला रोहिणखेडच्या शाळेतल्या लिपिकांचा फोन आला. वयस्कर गृहस्थ, दादाशी त्यांचं चांगलं होतं. अडखळत बोलत होते. दहावीच्या मुलांचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते, शेवटचे दोन दिवस उरले होते, आणि दुपारनंतर नेट राहत नव्हतं. नव्या प्रणालीत त्यांनी नोंद करून पाहिली होती, ती इंग्रजीत काही विचारत राहिली.

“मॅडम, दादाईनं मागच्या साली एकदा आठ दिवस चालवून देल्लं होतं. काय केलं होतं त्याईनं, ते लिवलं असन ना कुठं?”

लिहिलेलं होतं. मला ती नोंद डोळ्यांसमोर दिसतसुद्धा होती, सहा ओळींची, सगळी आकड्यांची आणि रंगांची. मी ती उघडली होती आणि पुढे गेले होते. वही माझ्या टेबलाच्या खणात होती. मी ती काढली, उगाच, आणि रोहिणखेड शोधलं. एक नोंद होती. मी त्यांना म्हणाले, उपाय नाही माझ्याकडे, दुसरं आहे. ते म्हणाले, वाचा.

मी वाचलं: ‘रोहिणखेडचे लिपिक म्हणतात, नेट रुसून बसलं. समजूत काढायला घरचं कोणी पाठवा म्हणाले. मी गेलो. तक्रार बंद.’

मग ते म्हणाले, “हाव. मीच म्हनलो होतो तसं.” मी माफी मागायला लागले तर त्यांनी मध्येच थांबवलं, की तुम्ही काऊन माफी मागता. मग म्हणाले की मुलांना घेऊन ते मोताळ्याला जाऊन पाहतील, तिथे एका दुकानात अर्ज भरून देतात.

दुसऱ्या दिवशी ते पहिल्या बसने मुलांना घेऊन गेले. दोन फेऱ्या कराव्या लागल्या. अर्ज भरले गेले.