अकरा नंबरची वायर

"रेंज नव्हती. दोन शब्द आहेत, चारुता. तेवढेच म्हणायचेत."

"रेंज होती, सर. बंदरावर पोरं फोनवर क्रिकेट बघत होती त्या दुपारी."

"बंदरावर होती. चिंधूची होडी आत समुद्रात होती."

"किनाऱ्यावरून दिसेल एवढी आत. जमनाआत्या फोनवर बोलली लेकाशी. भाकरी खाल्ली का, म्हणून विचारलं तिनं."

"मग तू काय सांगणार? आम्ही वायर काढली?"

"मी काढली. आम्ही नाही."

सुजितनं सर्व्हर रूमचं दार बाहेरून लोटून घेतलं. आत एसीची घरघर इतकी, की बोलायचं तरी ओरडावं लागतं. आणि सुजितला ओरडायचं नव्हतं. तो सांगलीचा. बोईसरच्या एमआयडीसीत रंगाच्या बंद पडलेल्या कारखान्याची शेड भाड्यानं घेऊन त्यानं ही कंपनी काढली. लोकांच्या वेबसाइट, दुकानांचे हिशेब, क्लासेसच्या परीक्षा, सगळं इथल्या मशीनांवर राहतं. भिंतींना अजून जांभळे डाग आहेत. पावसाळ्यात ते ओले होतात आणि चारुताच्या ओढणीला लागतात.

चारुता नवापूरची. मांगेल्या कोळ्यांच्या घरातली, भगवंत नाखव्याची थोरली. पालघरला डिप्लोमा केला आणि इथं लागली ती कायमची. घरी ती काय काम करते हे कुणाला धड सांगता यायचं नाही. बाप म्हणायचा, "पोरगी थंड खोलीत बसते, माशांसारखी." म्हणून तिनं गावाला कळेल असं एक काम केलं. मच्छीमार सोसायटीसाठी एका मशीनवर व्यवस्था बसवली: वाऱ्याचा इशारा आला की प्रत्येक होडीवाल्याच्या फोनवर मेसेज.

आधी हे काम बावट्याचं होतं. वारा फिरायची चिन्हं दिसली की भगवंत बंदरावरच्या काठीला लाल बावटा चढवायचा. त्याचे गुडघे गेले होते. मेसेज सुरू झाल्यावर बावटा घरी आला आणि त्याची दोरी कपडे वाळत घालायला गेली.

चिंधूनं तेव्हा तिची टर उडवली होती. "आगो, तुजा फोन काय समुद्राचा जावई हाय? त्याला सगळं आदी कळतं?"

"आदी कळतं, चिंधूदादा. मेसेज आला की फिर. नाय आला तर खुशाल जाळं टाक."

तो हसला होता. पण पुढच्या दोन इशाऱ्यांना मेसेज वेळेवर आला, आणि चिंधूनं आभाळाकडं बघणं सोडून दिलं.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी कंपनीची इंटरनेटची लाइन तुंबली. कुणा गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये बाहेरचा चोर शिरला होता, आणि तिथं बसून दूरच्या कुठल्यातरी वेबसाइटवर खोट्या मागण्यांचा भडिमार करत होता, ती गुदमरून बंद पडेपर्यंत. असे हल्ले बाहेरून आले तर दाराशी अडवता येतात. हा घरातून निघत होता. जाता जाता तो कंपनीची सगळी वाट अडवत होता. चारुताला स्क्रीनवरून आतही शिरता येईना. ज्यांच्याकडून लाइन घेतली होती त्यांचा फोन आला: मशीन बंद करा, नाहीतर तुमची अख्खी लाइन आम्ही तोडतो.

सुजित केळव्याला पाहुण्यांत होता. तुंबण्याआधीची नोंद बघून चारुतानं फोनवर सांगितलं, "अकरा नंबर वाटतंय, सर."

"मग ओढ वायर. विचारतेस काय?"

अकरा नंबरची पट्टी बघून तिनं वायर ओढली. लाइन लगेच मोकळी झाली. ती जरा वेळ बघत उभी राहिली, मग पर्स घेऊन घरी जायला रिक्षात बसली.

खंडेनवमीला बोईसरच्या प्रत्येक शेडमध्ये यंत्रं पुसतात, हार घालतात. आदल्या आठवड्यात या शेडमध्येही पुसली. देवाच्या दिवशी मशीनवर मळकी चिकटपट्टी नको, म्हणून सुजितनं स्वतः ओल्या फडक्यानं सगळी मशीनं पुसली, कुंकवाची बोटं ओढली आणि नंबरांच्या नव्या पट्ट्या लावल्या. अकरा आणि बारा उलटसुलट लागल्या. चारुता तेव्हा प्रसादाचे पेढे वाटत होती. एकदा पट्ट्या ताडून बघू, असं तिच्या मनात आलं होतं. आलं, आणि राहिलं.

तिनं ओढली ती बारा नंबरच्या, म्हणजे सोसायटीच्या मशीनची वायर. चोरानं नेमका तेव्हाच दम घेतला; असे हल्ले मध्येच थांबतात आणि पुन्हा सुटतात. संध्याकाळी तो पुन्हा सुटला, तेव्हा ती धावत आली आणि तिला पट्ट्यांची अदलाबदल कळली. मधल्या वेळात वाऱ्याचा इशारा येऊन गेला होता. मेसेज कुणालाच गेला नव्हता, आणि मेसेज नाही म्हणजे वारा नाही, हे तिनंच गावाला शिकवलं होतं. बाकीचे आभाळ बघून फिरले. चिंधूच्या होडीच्या फळ्या तारापूरच्या खडकांवर मिळाल्या. चिंधू मिळाला नाही.

"ऐक," सुजित आता हळू बोलत होता. "मी आज सकाळी जाऊन आलोय जमनाबाईंकडं. सांगितलंय, रेंज नव्हती. त्यांनी मान हलवली. मला चहा दिला गं त्यांनी. आता तू फक्त गप्प बसायचंस."

"चहा घेतलात तुम्ही?"

"नाही म्हणता येतं का अशा घरात?"

चारुतानं पर्स खांद्याला लावली.

"तू खरं सांगून माणूस परत येणार आहे? उलट आत्ता समुद्राला दोष देऊन बसलीय ती, उद्या तुला देईल. तुझ्या बापाला बंदरावर बसू देणार नाहीत. आणि पट्ट्या मी लावल्या, हेही सांगणार?"

"ते तुमचं तुम्ही सांगा, सर. मी माझं सांगते."

नवापूरला पोचली तेव्हा ऊन होतं. जमनाआत्या मासळी वाळवायच्या बांबूच्या वलांडीखाली उभी राहून बोंबील वाळत घालत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी काठीवर टाकायची. हात चालूच होते.

"ये पोरी. तुजा शेट येऊन गेला."

"कळलं."

"चांगला मानूस. म्हनला, रेंज नवती." एक जोडी काठीवर गेली. "मी म्हनलं, मंग कुनाला काय बोलायचं? मानसाच्या हातात कायच नवतं. बरं वाटलं जरा. राती डोला लागेल आता."

"आत्या, रेंज होती."

हात चालूच.

"मेसेज गेला नाय. ज्या मशीनवरून जायचा, त्याची वायर मी काढली. दुसऱ्याची काढायची होती. पट्टी चुकीची होती, मी तपासली नाय."

जमनानं बोंबील उचलला, पण दुसरा उचलला नाही.

"कवा काडलीस?"

"दुपारी. तू त्याच्याशी बोललीस, त्याच्या मागोमाग."

"मंग?"

"मंग लाइन सुरू झाली. मला वाटलं, झालं काम."

"आनि कुटं व्हतीस तू? वारा सुटला तवा?"

"घरी. बाबांना चहा दिला. दार आपटलं वाऱ्यानं, ते लावून घेतलं."

वलांडीच्या सावल्या दोघींच्या अंगावर पट्ट्यापट्ट्यांनी पडल्या होत्या. जमनानं हातातल्या एकट्या बोंबलाकडं पाहिलं.

"मी त्याला म्हनलं व्हतं," ती म्हणाली, "जालं टाक दोन डाव आजून. मेसेज नाय आला आजून. मी म्हनलं त्याला."

"आत्या, त्यात तुझं काही नाय. माझं हाय. शिवी दे मला. आत्या, बोल काहीतरी."

जमनानं बोंबील पाटीत परत ठेवला. लुगड्याला हात पुसले, आधी एक, मग दुसरा. मग वाकून वलांडीखालून बाहेर पडली आणि मागं न बघता चालू लागली.