मामांचं आम्ल

पोटातल्या आम्लावर माझ्या बायकोच्या मामांनी जितकं प्रेम केलं, तितकं कोल्हापुरात कुणी तांबड्या रश्श्यावरही केलं नसेल. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले आणि शाहूपुरीतल्या घरी बसले. पण त्यांच्यासमोर कुणी ढेकर दिला की तास सुरू. हुपरीच्या एका लग्नात पंगतीतल्या पाहुण्यानं छातीत जळजळतंय म्हणून खायचा सोडा मागितला. मामांनी हातातला घास ताटात ठेवला. "पावणं, सोडा आम्लाला भेटला की वायू सुटतोय. जळजळ थांबंल, पर पोटाचा फुगा हुईल त्याचं काय?" मॅग्नेशियमनं पोट ढिलं होतं, ॲल्युमिनियमनं घट्ट, म्हणून औषधाच्या बाटलीत दोघांना एकत्र नांदवतात, हे सांगताना त्यांचा आवाज बँडच्याही वर गेला. पाहुणा सोडा न घेताच उठला.

मागच्या हिवाळ्यात मामींच्या छातीत जळजळू लागलं. मामांनी त्यांचा ठेचा बंद केला आणि स्वतः मोजून पांढरं औषध पाजू लागले. औषध घ्यायला मामी बसत, आणि बसलं की जळजळ थांबे. मामांना तो औषधाचा गुण वाटला. जिना चढताना ती पुन्हा सुरू होई, तेव्हा ते चमचाभर जास्त देत.

एका सकाळी मी त्यांच्याकडे गेलो होतो. धुण्याची बादली घेऊन गच्चीवर निघालेल्या मामी पायरीवरच खाली बसल्या. अंग घामानं भिजलेलं. मामा बाटली घेऊन धावले. मामींनी त्यांचा हात बाजूला सारला. "अवं, ह्ये तुमचं आम्ल न्हाय."

रिक्षात घालून आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. हृदयाची शीर तुंबली होती. ती वेळेवर मोकळी झाली, मामी वाचल्या. डॉक्टरांनी विचारलं, "चढतानाच जळजळायचं का?" मामा जमिनीकडं बघत म्हणाले, "व्हय."

त्यानंतर मामा गप्प झाले. घरात कुणी ढेकर दिला तर उठून पाणी आणून देत, एवढंच. मामींना हृदयाची औषधं लागली, आणि त्या औषधांनी पोटाला इजा होऊ नये म्हणून सकाळी उपाशीपोटी आम्ल कमी करणारी एक गोळी. मामा ती त्यांच्या हातावर ठेवत आणि खिडकीशी जाऊन उभे राहत.

एकदा माझ्यासमोरच मामी म्हणाल्या, "ही गोळी काय करती, सांगा की."

"डॉक्टरांनी दिलीया. घे."

"तुमास्नी इचारलंय मी."

मामा खिडकीपासून वळले. मग हळूच खुर्चीवर टेकले. "ही पोटात न्हाय विरघळत. आतड्यातनं रक्तात जाती, आन् रक्तातनं आम्ल करणाऱ्या पेशींकडं. तिथवर ही झोपलेलीच असती. आम्ल लागलं की जागी हुती, आन् आम्ल सोडणारा पंपच बंद..." त्यांनी चष्मा काढला.

मामी गोळी हातात धरून तशाच बसून राहिल्या. "मग?" त्या म्हणाल्या.

मामांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं. त्या दिवशी न्याहारीला फार उशीर झाला.