संकष्टीच्या दिवशी रेड क्रेटरच्या धारेवर

मार्चमधला शनिवार, संकष्टी चतुर्थी. तिघांच्या शटलचे मिळून दीडशे डॉलर, आगाऊ भरलेले. हजर माणसं तीन: मी, माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, आणि माझी सोळा वर्षांची मुलगी. ताई गुडघ्यांमुळे मोटेलवरच थांबली होती.

टोंगारिरोची ही वाट एकेरी आहे. शटल म्हणजे छोटी बस सकाळी एका टोकाला सोडते, दिवसभर ज्वालामुखींच्या मधून चालायचं, आणि संध्याकाळी बस दुसऱ्या टोकाहून उचलते. वीसेक किलोमीटर. त्यात सगळ्यात उंच जागा रेड क्रेटरची धार, कळसूबाईपेक्षा साधारण अडीचशे मीटर उंच. हा आकडा मी ऑकलंडहून येताना गाडीतच भाऊजींना सांगितला होता.

"म्हणजे कळसूबाई आणि वर तीन पर्वती," ते म्हणाले. "शालकबुवा, आम्ही राजगडाचा बालेकिल्ला भर पावसात चढलोय. तुम्ही तेव्हा दप्तर घेऊन रडत शाळेत जात होतात."

मला कधी नावं ठेवायची झाली की ते असं अहोजाहो करतात.

आमच्या घरात जावयाला 'नाही' म्हणायची पद्धत नाही. वडिलांनी कधी म्हटलं नाही, मीही म्हटलं नाही. त्यांच्याकडून पैसेही घ्यायचे नाहीत. ते दोघं पुण्याहून येऊन तीन आठवडे झाले होते. ऑकलंडमधल्या अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात त्यांनी मेथीच्या दोन जुड्यांसाठी पाकीट काढलं, तर मी भर गर्दीत त्यांचा हात धरला होता. इथे सव्वीस वर्षं काढूनही ही एक गोष्ट माझ्या अंगातून गेलेली नाही.

निघताना ताईने माझ्या हातात एक डबा दिला होता. साबुदाण्याची खिचडी. "दहा वाजता त्यांना खायला लाव. स्वतःहून मागायचे नाहीत. हल्ली संकष्टीला अगदी निर्जळी नाही, पण जवळपास तसंच करतात. तुझ्या भरवशावर पाठवतेय."

बसमधून उतरताना शटलच्या ड्रायव्हरने सगळ्यांना एकदम सांगितलं की दुपारनंतर वारा वाढणार आहे आणि ढग खाली येणार आहेत. दगडी पायऱ्यांच्या तळाशी पोहोचलात आणि कोणाला बरं वाटत नसेल, तर तिथूनच मागे फिरा, वर जाऊन विचार करू नका. दिसायला दणकट, पण आवाज मऊ होता त्याचा. भाऊजींनी सगळं ऐकलं आणि टोपी कानांवर ओढली.

दहा वाजता मी डबा काढला. "भाऊजी, दोन घास."

"वर गेल्यावर."

पायऱ्यांच्या तळाशी पुन्हा विचारलं. त्यांनी नुसता हात हलवला. तिसऱ्यांदा विचारणं मला आगाऊपणाचं वाटलं. डबा परत पिशवीत गेला आणि आम्ही पायऱ्या चढायला लागलो.

पायऱ्यांवरच मला पहिल्यांदा भीती वाटली, पण ती मी थकव्याच्या खात्यात टाकली. थंडी होती, माझ्या मुलीने हातमोजे घातले होते, आणि भाऊजींच्या कपाळावरून घाम निथळत होता. ते बोलायचे थांबले होते. बोलणं थांबवणाऱ्यांतला हा माणूस नाही.

पायऱ्या संपल्या की एक मोठं सपाट विवर लागतं. मातकट, पिवळसर, गवताचं पान नाही. समोर नारुहोए या ज्वालामुखीचा सुळका दिसायला हवा होता. दिसला तो फक्त कमरेपर्यंत, वरचं सगळं ढगात. विवर ओलांडून आम्ही धारेला लागलो तोवर कंबरही गेली.

धारेवर वारा एका बाजूने येतो. पायाखाली भुसभुशीत खडी, पाऊल टाकलं की अर्धं मागे येतं. उजवीकडे काय आहे ते दिसत नव्हतं. डावीकडेही नाही. फक्त गंधकाचा वास येत होता आणि कुठेतरी खालून गरम वाफ अंगावर येत होती, म्हणजे उतार फार लांब नव्हता. वाटेवर खुणेचे खांब असतात. एका खांबापाशी उभं राहिलं की पुढचा कसाबसा दिसायचा. कधी दिसायचा नाही. मग वाऱ्याने ढग फाटेपर्यंत थांबायचं आणि खांबाला धरून ठेवायचं.

भाऊजी मधेच खाली बसले. बसले म्हणजे गुडघे दुमडले.

"अगं, गॅस बंद कर," ते म्हणाले. "दूध उतू जातंय."

मी त्यांच्यासमोर वाकलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात मी नव्हतो.

"बाबा," मुलगी म्हणाली, "ही इज शेकिंग. दॅट्स नॉट द कोल्ड. काकांनी काही खाल्लंच नाहीये!"

तिने हे शेवटचं वाक्य मराठीत म्हटलं. घरी ती क्वचित मराठीत उत्तर देते.

"भाऊजी, सकाळी गोळी घेतलीत? शुगरची?"

"घेतली की. गोळी कशी चुकवणार?"

उपास पक्का आणि गोळीही पक्की. दोन्ही नियम त्यांनी काटेकोर पाळले होते. मधुमेहाची गोळी, रिकामं पोट, चार तासांची चढण, म्हणजे रक्तातली साखर उतरणारच. मला गणित येतं, आणि हे गणित मी पायऱ्यांच्या तळाशी करायला हवं होतं.

मी डबा उघडला. खिचडी थंड होऊन गोळा झाली होती. एक घास त्यांच्या तोंडात घातला, तो त्यांनी गालात धरून ठेवला, गिळेनात. अर्धा घास ओठांतून बाहेर आला आणि वाऱ्याने तो माझ्या जॅकेटवर चिकटवला. फोनला रेंज नव्हती. मागे-पुढे माणूस नव्हता, किंवा असला तरी ढगात दिसत नव्हता. माझ्या मनात त्या क्षणी एकच चित्र होतं. मोटेलचं दार, दारात ताई, आणि मी एकटा.

मुलीने पिशवीतून लॉलीजचं पाकीट काढलं, पेट्रोलपंपावर घेतलेलं. जेलीच्या लाल-हिरव्या वड्या, विमानाच्या आकाराच्या. "प्युअर शुगर, बाबा." मग हात थांबला. "पण यात जिलेटिन आहे."

जिलेटिन म्हणजे जनावराची हाडं-कातडी. जन्मात अंडं न खाल्लेला माणूस, तोही संकष्टीला. आणि जे इतका वेळ मला ओळखत नव्हते, त्यांनी तो शब्द बरोब्बर ओळखला. दात घट्ट मिटले आणि मान फिरवली.

"नको. आज नको."

"भाऊजी, प्लीज."

"चंद्र उगवू दे."

चंद्र नऊच्या सुमारास उगवणार होता.

मी त्यांची हनुवटी धरली. बाजारातला तो हात वगळता आयुष्यात मी त्यांच्या पायांना सोडून दुसरीकडे कधी हात लावलेला नाही. "भाऊजी, तोंड उघडा," मी ओरडलो. "उघडा म्हणतो ना! पाप लागेल ते मला लागेल, तोंड उघडा!"

ते दचकले. तोंड उघडलं. मी एक विमान आत टाकलं, मग दुसरं, मग पाण्याचा घोट. मुलगी त्यांच्या पाठीशी वाऱ्याच्या बाजूला बसली आणि दोन्ही हातांनी त्यांना धरून राहिली. "च्यू, काका. चावा. गुड. अजून एक." तिचा आवाज कापत होता, पण थांबत नव्हता.

नंतरचा वेळ किती होता ते मला सांगता येत नाही. घड्याळ हातात होतं, मी पाहिलं नाही. वाऱ्याने खडी अंगावर उडत होती. प्रत्येक विमानानंतर मी त्यांचे डोळे बघत होतो. त्यांना गिळताना ठसका लागला तर काय, शुद्ध गेली तर यांना दोघांनी या खडीवरून उचलून नेता येईल का, की मुलीला एकटीला ढगात खाली पाठवावं लागेल? यातलं कुठलं आधी करायचं ते मी ठरवत होतो आणि प्रत्येक वेळी उत्तर वेगळं येत होतं.

शेवटी ते म्हणाले, "हे भयंकर गोड आहे रे."

'रे' म्हणाले. मी तिथेच खडीवर बसलो.

खिचडीचे चार घास गेल्यावर ते स्वतः उठून उभे राहिले आणि पुढचा खांब शोधायला लागले. "चला. पलीकडे उतार आहे, तू म्हणाला होतास. शटल तिकडे आहे. पैसे भरलेत."

पुढे अकरा-बारा किलोमीटर, मागे आठ. पुढची वाट आम्ही पाहिलेली नव्हती.

"नाही, भाऊजी."

"काय नाही?"

"आपण परत फिरतोय. माझ्यामागे चालायचं, माझ्या पिशवीचा पट्टा धरायचा. आणि प्रत्येक खांबापाशी एक घास."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. त्यांनी पट्टा धरला.

उतरताना मुलगी पुढच्या खांबापर्यंत जायची आणि तिथून हाक मारायची. तिची हाक आली की आम्ही निघायचो. एकदा हाक आली नाही. मी ओरडलो, वाऱ्याने आवाज खाऊन टाकला. मी पाऊल उचललं आणि मागून पट्टा ओढला गेला. "थांब," भाऊजी म्हणाले, "आता तू चूक करू नकोस." आम्ही थांबलो. मग ढगातून तिची पिवळी टोपी आणि पाठोपाठ तिचा चिडका आवाज आला, "आय वॉज येलिंग! तुम्ही ऐकतच नाही!" भाऊजी हसले. मला हसू आलं नाही.

सकाळच्या पार्किंगला पोहोचलो तेव्हा उजेड पिवळा पडला होता. तिथे रेंज आली. आधी ताईला फोन केला. "आलो खाली. तिघंही." फोनमधून ती खुर्चीत बसल्याचा आवाज आला. मग शटलच्या नंबरावर. तोच ड्रायव्हर. पलीकडची शेवटची फेरी करून तो आमच्यासाठी मुद्दाम वळसा घेऊन आला. त्याने भाऊजींचा चेहरा पाहिला, हीटर त्यांच्याकडे वळवला, आणि एवढंच म्हणाला की मागे फिरलात ते बरं केलंत.

मोटेलच्या दाराशी त्याने जादा फेरीचे पैसे सांगितले. एकशे वीस डॉलर. मी पाकिटाला हात घातला, आणि भाऊजींनी माझं मनगट धरलं. हात अजून गार होता.

"आज एकदा मला नाही म्हणालास, मी ऐकलं," ते म्हणाले. "आता मी म्हणतोय."

ताई दार उघडून उभी होती. मी पाकीट खिशात ठेवलं. भाऊजींनी नोटा मोजून ड्रायव्हरच्या हातावर ठेवल्या आणि वर एक सुटं नाणं. तो म्हणाला, एक डॉलर जास्त झाला. मुलीने त्याला समजावलं, आमच्याकडे असाच देतात.

ड्रायव्हरला एकशे एकवीस डॉलर, भाऊजींकडून.