स्वयंपाकघरातली अक्का

आमच्या घरात दिवा कधी विझला नाही, तो शांत झाला. बांगडी फुटली नाही, वाढली. आणि घराबाहेर पडताना 'जाते' म्हणायची कुणाची छाती नव्हती. 'येते' म्हणायचं, आतून 'ये' असं उत्तर येईपर्यंत उंबऱ्यात थांबायचं, मगच चपला घालायच्या. हे सगळे कायदे अक्काचे. अक्का म्हणजे माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. वडील तिला अक्का म्हणत, म्हणून मीही अक्काच म्हणत आले. आमचे पूर्वज म्हणे घोड्यावरून या मुलखात आले. घोडे कधीच गेले, मराठी तेवढी राहिली, आणि तीही निम्मी कन्नड होऊन. पण अपशकुनी शब्दांच्या बाबतीत अक्काची मराठी कडक सोवळ्यातली होती.

तिने लग्न केलं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, यंत्रांनी ते काम गिळून टाकेपर्यंत. अर्ध्या बेंगळुरूला तिचा आवाज ठाऊक होता आणि चेहरा कुणालाच नाही, असं ती मोठ्या तोऱ्यात सांगायची. माझी आई मी शाळेत जायच्या आधीच गेली. मला वाढवलं ते या आवाजाने. ताप आला की कपाळावर हात वडिलांचा असायचा, पण मी झोपायचे अक्काच्या बोलण्यावर. पुढे वडीलही गेले, तेव्हापासून घरात आम्ही दोघीच.

तिच्या घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढावं लागेल असं सांगितलं, तेव्हा ती शांतपणे 'सरी' म्हणाली, म्हणजे ठीक आहे. रडले ती मी.

आमच्या वरच्या मजल्यावर पुण्याचा एक भाडेकरू राहतो. इंदिरानगरच्या एका कंपनीत यंत्रांना बोलायला शिकवणं हा त्याचा धंदा. स्वभावाने भला, पण बोलणं असं की वाक्यातलं क्रियापद तेवढं मराठी. तो म्हणाला, "ऑपरेशनच्या आधी अक्कांचा व्हॉइस आपण सेव्ह करू. नंतर त्या टॅब्लेटवर टाईप करतील आणि सेम त्यांच्याच व्हॉइसमध्ये बोलेल ते."

मग बनशंकरीतल्या आमच्या घराच्या खिडक्यांवर गोधड्या टांगल्या, रिक्षांचे हॉर्न आत येऊ नयेत म्हणून, आणि अक्का माइकसमोर बसून छापील वाक्यं वाचू लागली. एका ठिकाणी ती अडली.

"हे वाचणार नाही मी," ती म्हणाली.

वाक्य होतं, 'वारा आला आणि दिवा विझला.'

"अक्का, नुसता साउंड हवाय. मीनिंगचा काही संबंध नाही."

"शब्द तोंडातून गेला की गेला, अण्णा. पुढचं दे."

'मी आता जाते' हेही तिने वाचलं नाही. त्याने हसून दोन्ही वाक्यांवर काट मारली.

ऑपरेशन झालं. अक्काच्या गळ्याला श्वासासाठी एक भोक राहिलं, त्यावर ती पांढरं सुती फडकं बांधायची. टॅब्लेट आला. तिने एका बोटाने अक्षरं शोधत पहिलं वाक्य लिहिलं आणि खोलीत तिचा आवाज उमटला, "भात स्वल्प मऊ कर गं आज." मी तिथेच फतकल मारून रडायला लागले. ऑपरेशनच्या आधीचा, भरदार, गोड आवाज होता तो. मला ऐकू यावा म्हणून भाडेकरूने स्वयंपाकघरात फ्रीजवर एक गोल डबी बसवून दिली. त्या डबीला कानही होता. मी ओट्याशी बोलायचे, अक्का कानात ऐकायचं यंत्र घालून पुढच्या खोलीत खिडकीशी बसून लिहायची, आणि उत्तर माझ्या डोक्यावरून यायचं.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून अंगावर काटा आणायची. त्या आवाजाला श्वास नव्हता. लांबलचक वाक्य एका दमात यायचं. एकदा वीज गेली तेव्हा आवाज शब्दाच्या मध्यातच थांबला, आणि वीज आल्यावर राहिलेला अर्धा शब्द त्याने आधी पुरा केला. मी तेव्हा कढीला फोडणी देत होते. हातातली पळी खाली पडली, आणि मग स्वतःलाच हसले.

दसऱ्यानंतर अक्का छान बोलायला लागली. पूर्वी उत्तराला वेळ लागायचा, आता चटकन यायचं. मी ऑफिसातून मेट्रोने यायचे, मॅजेस्टिकला गाडी बदलताना खाल्लेले धक्के आणि साहेबाचा नवा वेडेपणा सगळं ओट्याशी ओकायचे, आणि वरून उत्तर यायचं, "असू दे गं. तू जेवलीस का नीट?" सकाळी घाईत 'येते' म्हटलं की आतून लगेच 'ये गं, नीट ये'. बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

त्याच सुमारास डॉक्टरांनी सांगितलं की अक्काच्या गळ्यात एक बारीक झडप बसवता येईल. भोकावर बोट दाबलं की तिला स्वतःला बोलता येईल, आवाज मात्र घोगरा आणि फाटका असेल. एवढं ऐकून आम्ही घरी आलो. दोन दिवसांनी संध्याकाळी ओट्याशी कोथिंबीर निवडता निवडता मी विचारलं, "अक्का, झडपेचं काय सांगू डॉक्टरांना?"

"नको गं," वरून उत्तर आलं. "आता हेच सरी आहे. परत दवाखाना नको."

मला हायसं वाटलं. मी हॉस्पिटलला फोन करून नको म्हणून कळवलं. पुढे काही दिवस अक्का आरशासमोर उभी राहून गळ्याच्या फडक्यावर बोट दाबताना दिसायची. खाज सुटत असेल असं समजून मी तिला मलम आणून दिलं.

दिवाळीनंतरची संध्याकाळ होती. तिन्हीसांजा झाल्या होत्या आणि माझे हात कणकेत होते. मी आतूनच विचारलं, "अक्का, देवाजवळ दिवा लावलास का?"

"लावला होता," अक्काचा आवाज म्हणाला. "विझला."

माझे हात जागीच थांबले. आयुष्यात मी हा शब्द तिच्या तोंडून ऐकला नव्हता. कणकेच्या हातांनीच मी बाहेर आले. देवघरात समई संथ जळत होती, ज्योत जराही हलत नव्हती. अक्का खिडकीशी माझ्याकडे पाठ करून बसली होती, दोन्ही हात मांडीवर. टॅब्लेट लांब, टेबलावर चार्जिंगला. तिचं कानातलं ऐकायचं यंत्र छोट्या पेटीत बंद करून खिडकीच्या चौकटीवर ठेवलं होतं, कारण हल्ली ते तिला टोचायचं, सकाळी मी गेल्यावर ती ते घालायची आणि संध्याकाळ झाली की काढून ठेवायची. हे मला माहीत होतं. रोज दिसत होतं.

माझ्या पाठीमागून, रिकाम्या स्वयंपाकघरातून आवाज आला, "ऐकलंस का गं?"

अक्का हलली नाही. तिला ऐकूच आलं नव्हतं.

मी तिच्या खांद्याला हात लावला. ती दचकली, मग हसली. मी पेटीतलं यंत्र तिच्या कानात बसवलं आणि टॅब्लेट तिच्या हातात दिला. तोंडाने विचारलं, "आत्ता काय म्हणालीस?"

तिने सावकाश अक्षरं दाबली. उत्तर स्वयंपाकघरातून आलं, त्याच आवाजात, त्याच गोडव्यात. "मी? मी कुठे काय म्हणाले? तूच बोलत नाहीस हल्ली. दसऱ्यापासून तोंड मिटलंयस. माझं काही चुकलं का?" ती पुन्हा लिहू लागली. मी तिच्या बोटाकडे बघत राहिले. "झडपेचं डॉक्टरांना विचारलंस? मी वाट बघतेय."

म्हणजे एवढे दिवस मी बोलत होते कुणाशी?

भाडेकरू बोलावल्याबरोबर खाली आला. त्याला यात विशेष काही वाटलं नाही. "दसऱ्याला अपडेट केलं तेव्हा ऑटो ऑन केलं होतं ना, तुम्हाला जिन्यात सांगितलं पण होतं. अक्कांना टाईप करायला टाइम लागतो. लेट झाला तर ते स्वतःच रिप्लाय देतं. अक्का जे बोलल्या असत्या तेच."

"अक्का दिवा विझला म्हणत नाही."

"ते वर्ड त्यांनी दिलंच नाही ना. मग त्याने बाहेरून घेतलं."

"आणि झडप नको, हे कुठून घेतलं? तेही बाहेरून?"

मी त्याला नाही नाही ते बोलले. खरं तर मी चिडले होते ते माझ्यावरच, पण समोर तो होता. अक्का आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. मग तिने लिहिलं आणि आतून ती म्हणाली, "त्याला कॉफी दे गं." हे तिने लिहिलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी माझा विश्वास बसेना.

झडप बसली. पहिल्या दिवशी अक्काने बोट दाबून माझं नाव घेतलं, तेव्हा खरवडलेल्या पातेल्यासारखा आवाज निघाला. ती खुदकन हसली, हसण्यालाही तसाच आवाज. दमायची, मध्येच श्वास घ्यायची, थुंकी अडकायची. पण दिवसभर बोलायची, भाजीवाल्याशी कन्नडमध्ये वाददेखील घालायची. तिचा आनंद बघून मला आनंदच व्हायचा. फ्रीजवरची डबी भाडेकरू काढून घेऊन गेला. टॅब्लेट मी कपाटात ठेवला, असं तिला सांगितलं.

खरं सांगायचं तर तो ओट्याखालच्या खणात होता. सुट्टीच्या दिवशी अक्का दुपारी कानातलं काढून झोपली की मी तो चालू करायचे, आवाज बारीक करून. "दमलीस का गं?" ती विचारायची. मी हो म्हणायचे. एवढंच. मला वाढवलेला आवाज तो होता, आणि तो जिच्या गळ्यातून यायचा तिच्या गळ्यातून आता दुसराच येत होता. मला दोघी हव्या होत्या. त्या वेळी यात काही वाईट आहे असं वाटलं नाही.

एका शुक्रवारी आम्ही बनशंकरीच्या देवळात लिंबाचे दिवे लावायला निघालो. आजारपणानंतर अक्का पहिल्यांदाच देवळात निघाली होती. ठेवणीतली साडी नेसली होती, कानात यंत्र होतं, पिशवीत अर्धी कापलेली लिंबं. उंबऱ्यात ती थांबली, देवघराकडे वळून तिने हात जोडले, मग गळ्यावर बोट दाबलं.

"येते," ती फाटक्या आवाजात म्हणाली.

"ये गं, नीट ये," आतून उत्तर आलं.

खण बंद करायचा राहिला होता, आणि आतला टॅब्लेट चालूच होता.

अक्का तशीच उभी राहिली. तिचा स्वतःचा आवाज, भरदार, गोड, ती आयुष्यात पहिल्यांदाच बाहेरून ऐकत असल्यासारखी मान तिरकी करून ऐकत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे, पण तिला ते वाचता आलं असावं. तिने पुन्हा बोट दाबलं.

"आत कोण आहे?"

"कुणी नाही, अक्का," मी म्हणाले.

"आहे की गं मी," स्वयंपाकघरातून अक्का म्हणाली.

अक्काने गळ्यावरचं बोट काढलं, पदर सारखा केला आणि माझ्याआधी पायऱ्या उतरली.