आई-आबांचा अर्धा राहिलेला पिक्चर

मंडळी, आज दुपारी माझ्या हातून फार वाईट झालं.

लग्नानंतर आई-आबांनी लोणावळ्यात एक खुनाचा पिक्चर पाहिला होता. गावाकडची एसटी चुकू नये म्हणून खुनी कळायच्या आतच दोघं उठले. आई म्हणायची, खून त्या गाणाऱ्या नायिकेनंच केला. आबा म्हणायचे, "इतकं ग्वाड गानारी बाई खून करल व्हय?" जन्मभर हाच वाद. हरायचं दोघांनाही नव्हतं, म्हणून शेवट कधी पाहायचाच नाही असं ठरलेलं.

आईला जाऊन महिना झाला. आबा बोलतच नाहीत. म्हणून आज कुसगावच्या घरी मी तोच पिक्चर टीव्हीवर लावला. आईचं आवडतं गाणं लागलं, तसे आबा सरसावून बसले. मला वाटलं, जमलं!

पण तेव्हा दोघं जिथं उठले होते, तो सीन आला आणि आबा म्हणाले, "बंद कर. तिचं खरं निघालं तर मी सांगू कुनाला?"

भिंतीकडे तोंड करून पडलेत, ते अजून उठले नाहीत. जेवलेही नाहीत.

स्वयंपाकघरात येऊन मी मोबाइलवर शेवट पाहिला.

आईचंच खरं होतं.

आता हे मी तरी कुणाला सांगू?